देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे रोजच्या रोज करायचं काय?

गावभागातली:
नमस्कार. बरेच महिने नुसती वाचत होते, आज धागा काढतेय, सांभाळून घ्या. आम्ही सांगलीचे. मिस्टरांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यात, आठवड्यातनं तीनदा डायलिसिस, दर वेळी चार तास मशीनवर. दुकान दिरावर टाकलंय, मुलगा यंदा दहावीला. ट्रान्सप्लांटचं चाललंय आणि माझीच किडनी द्यायची असं ठरतंय, रक्तगट जुळलाय, बाकीच्या तपासण्या चालू आहेत. माहेरचे नको म्हणतात. सासूबाई काहीच म्हणत नाहीत, फक्त संध्याकाळी रामरक्षा म्हणताना मध्येच थांबतात.

आता प्रश्न. भेटायला येणारा प्रत्येक जण चहा पिऊन झाला की दारात चपला घालता घालता सांगतो, देवावर भरवसा ठेव, सगळं त्याच्यावर सोड, तो बघतो. मी देव मानणारी आहे, संकष्टी चुकवत नाही, गणपती मंदिर घरापासून चालत जाण्यासारखं आहे. पण सोडायचं म्हणजे नेमकं काय करायचं हो? फाईल मी करतेय, पैशाची जुळणी मी करतेय, रांगेत मी उभी राहतेय. मग त्याच्यावर सोडलं काय? रात्री दोनला जाग येते, छाती धडधडते, तेव्हा काय करायचं? आणि ज्या दिवशी भरवसा वाटतच नाही त्या दिवशी तुम्ही काय करता? औषधपाण्याचा सल्ला नकोय, डॉक्टर चांगले आहेत. ज्यांच्यावर असं काही गुदरलंय त्यांनी लिहा.

भडंगवाला:
ताई, काळजी घ्या. सांगण्यासारखं माझ्याकडं काही नाही पण वाचतोय. दहावीच्या पोराला गणित अडलं तर कळवा, मी शिकवणी घेतो, फीचा विषय काढायचा नाही.

कृष्णाकाठ_४५:
मारुती चौकाच्या मागं आमचं घर. २००५ च्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं त्याची रेघ गल्लीत बऱ्याच भिंतींवर होती, काहींनी तर ऑइलपेंटनं तारीख घालून मारलेली. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी ४५ फुटांची धोका पातळी ओलांडली तरी गल्ली निवांत, सामान रेघेच्या वर ठेवलं की झालं म्हणायचे. पाणी गेलं ५७ फुटांच्या वर. रेघ कुठल्या कुठं बुडाली. आम्हा सगळ्यांचा भरवसा देवावर नव्हताच ओ, रेघेवर होता.

बोट आली तेव्हा आईनं एक कापडी पिशवी उचलली, त्यात देव्हाऱ्यातला बाळकृष्ण, बीपीच्या गोळ्या आणि बँकेचं पासबुक. बाबा वरनं ओरडतायत गॅसचं पुस्तक घे, गॅसचं पुस्तक घे. आई सगळा वेळ तोंडानं नाव घेत होती आणि हातानं पिशवीची गाठ चाचपत होती. काय चाचपतेस विचारलं तर म्हणाली, देव आणि गोळ्या दोन्ही भिजायला नकोत. तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं एवढंच आहे, बघा काही उपयोग झाला तर.

नास्तिक_सातारकर:
कडू वाटेल पण लिहितो. ताई, तुम्ही स्वतःच लिहिलंय, फाईल तुम्ही करताय, पैसे तुम्ही जुळवताय, किडनी पण तुमचीच. उद्या सगळं नीट झालं (होईलच) की लोक म्हणणार देवानं केलं, आणि काही कमीजास्त झालं तर तीच माणसं म्हणणार श्रद्धा कमी पडली. म्हणजे दोन्हीकडनं तुमच्या कष्टाचा हिशोब दुसऱ्याच्याच खात्यावर. आमच्याच जिल्ह्यात २५ जानेवारी २००५ ला मांढरदेवीला तीनशेच्या आसपास माणसं चेंगरून, भाजून गेली, सगळी देवावर भरवसा ठेवूनच गड चढली होती ना? तेव्हा भरवसा डॉक्टरवर ठेवा, नवऱ्यावर ठेवा आणि रात्री झोपेची गोळी घ्या. डॉक्टरांना विचारूनच.

वाईची_माई:
बाळा, मांढरदेवीचं तू आम्हाला सांगू नकोस, आमच्या डोक्यावरचा डोंगर तो. वाट अरुंद, पायऱ्या फोडलेल्या नारळाच्या पाण्यानं निसरड्या, दुकानं वाटेला खेटून, त्यात आग. यात काळूबाईचं काय चुकलं? गर्दीचं बघणं माणसांचं काम होतं ते माणसांनी केलं नाही.

आणि दुसरं. वाईला ढोल्या गणपती बघितलास का? गणपतराव रास्त्यांनी १७६२ साली बांधलेलं देऊळ, ऐन कृष्णेच्या घाटावर. पुढनं सगळे बघतात, एवढी मोठी मूर्ती, फोटो काढतात नि जातात. एकदा मागनं जाऊन बघ. मागची भिंत माशासारखी निमुळती केलीय, पुराचं पाणी धडकलं की दुभंगून दोन्ही अंगांनी जावं म्हणून. बांधणारे काय कमी भाविक होते? तरी गणपतीला म्हणाले नाहीत की तुझं तू बघ. गावभागातल्या माझ्या लेकी, तू करतेयस ती ही मागची भिंत आहे. पुढं बसलेल्याला तुझं काम करायला सांगू नकोस आणि त्याचं काम तू करू नकोस.

नास्तिक_सातारकर:
माई, भिंतीचा मुद्दा मान्य, आमच्या बाजूचाच आहे तो. फक्त 'बाळा' नको, मी बावन्न वर्षांचा आहे.

वाईची_माई:
मग बाळच की.

पलूसचा_दत्तू:
माईंना +१. आणखी एक बघा. नरसोबाच्या वाडीला पूर चढला की पाणी गाभाऱ्यात शिरतं, पादुकांवरनं वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, तो दक्षिणद्वार सोहळा. त्या पाण्यात अंघोळ करायला लांबलांबनं माणसं येतात. ज्या पाण्याला आम्ही इकडं शिव्या घालत ट्रॅक्टरमध्ये सामान भरतो तेच पाणी तिकडं तीर्थ. पण पुजारी काय करतात? उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात आणि पूजा तिथं चालू ठेवतात. देवालासुद्धा पाणी चढायच्या आधी हलवावं लागतं म्हटल्यावर आपण फाइली घेऊन पळालो तर त्यात कसला आलाय अविश्वास.

भडंगवाला:
अवांतर: दक्षिणद्वार झाल्याचा मेसेज आला की आमच्या मातोश्री पहिल्यांदा मला फोन करतात, गाडीत पेट्रोल आहे का म्हणून. रस्ता पाण्याखाली आहे हे नंतर.

तासगावचा_बागायतदार:
ताई मी द्राक्षवाला माणूस, लिहायची सवय नाही, समजून घ्या. ऑक्टोबर छाटणी झाली की पुढचे चार महिने आमचा जीव टांगणीला. ऐन फुलोऱ्यात दोन दिवस ढगाळ राहिलं की डाऊनी म्हणजे बुरशीचा रोग येतोय, मणी भरले आणि अवकाळी पडला की घडकूज, तडे, आणि गारा पडल्या तर विषयच संपला, डोक्यावर सोसायटीचं कर्ज, औषधवाल्याची उधारी आणि व्यापारी फोन उचलत नाही. रात्री पत्र्यावर पाऊस वाजाय लागला की मी आधी टॉर्च घेऊन बागेत जायचो. जाऊन काय करणार, घड हातात धरून बसणार का? वडील म्हणायचे फवारणी केलीस न्हवं, आता ये आत. तेवढंच म्हणायचे. हळूहळू जमाय लागलं आत येऊन पडायला. झोप लागतेच असं न्हाय पण आडवं तरी पडायचं.

आणि एक सांगतो, एकटं बसू नका. आमच्या भावकीतला एकजण कर्जापायी कुणाशी बोलायचा बंद झाला, आम्ही समजलो देवाचं करतोय, माळ घिऊन बसतोय, बरं हाय. बरं नव्हतं. एवढंच लिहितो. मी तेव्हापासनं शनवारी भजनाला जातो, आवाज बेसूर हाय पण चार माणसं बघतात आला का न्हाय ते.

सिस्टर_मिरज:
दादा, लिहिलंत ते बरं केलंत. ज्यांना रात्री फारच जड जातं त्यांच्यासाठी सरकारी टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. देव मानणाऱ्यांनी पण फोन केला तर चालतो.

सतारमेकर_गल्ली:
आम्ही मिरजेचे, मीरासाहेबांच्या दर्ग्याजवळ घर. आमच्यात पैगंबरांची एक गोष्ट सांगतात, एकानं विचारलं उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, तर म्हणाले आधी बांध, मग ठेव. मिरजेत उंट कुठला, आम्ही स्कूटरला दोन कुलपं लावतो. तरी गेली.

भडंगवाला:
स्कूटर गेली??

सतारमेकर_गल्ली:
गेली. पण मनाला लागलं नाही, कुलूप लावलं होतं म्हणून. ताई, गमतीनं लिहिलं पण अर्थ खराच आहे. उरसाला येणार असाल तर घरी या, मिस्टरांना सोबत घेऊन.

हितचिंतक_२२:
ताई, ट्रान्सप्लांटच्या भानगडीत पडू नका. आमच्या ओळखीत एक महाराज आहेत, जडीबुटी आणि मंत्राचं पाणी देतात, डायलिसिस बंद करून एकवीस दिवस त्यांच्याकडं राहायचं, पूर्ण श्रद्धा पाहिजे मात्र. बरेच जण बरे झालेत. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, नंबर देतो.

डायलिसिसवाले_काका:
हितचिंतक, तुमचा नंबर तुमच्यापाशीच ठेवा. मी कराडचा, गेली कित्येक वर्षं मशीनवर आहे. डायलिसिस बंद केलं की अंगात पाणी साठतं, पोटॅशियम चढतं आणि हृदय बंद पडतं, त्याला एकवीस दिवस लागतातच असं नाही. माझ्या शेजारच्या खाटेवरचा माणूस असाच एकाच्या नादानं गेला आणि आठवड्याच्या आत त्याची खाट दुसऱ्याला मिळाली. पूर्ण श्रद्धा पाहिजे म्हणे! म्हणजे मेला तर त्याचीच श्रद्धा कमी.

नास्तिक_सातारकर:
काकांना माझ्याकडनं दहा वेळा अनुमोदन. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू, कुत्रं चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करत बसणं हा गुन्हा आहे, किडनीवाल्यांनाही तोच न्याय हवा. त्या कायद्यासाठी आयुष्य घालवलेले डॉ. दाभोलकर आमच्या साताऱ्याचे, २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात गोळ्या घातल्या त्यांना. अंनिसवाले (अंधश्रद्धा निर्मूलन समिती) पहिल्यापासून सांगतात, देव मानण्याला विरोध नाही, देवाच्या नावानं चाललेल्या फसवणुकीला आहे.

वाईची_माई:
यात मी बाळाच्या बाजूनं. संपादक, तो प्रतिसाद उडवा.

संपादक:
हितचिंतक_२२ यांचे सदस्यत्व थांबवले आहे. मूळ प्रतिसाद इतरांना सावध करण्यासाठी राहू देत आहोत. चर्चा चालू द्या.

डायलिसिसवाले_काका:
आता ताईंच्या मूळ प्रश्नाकडं येतो. आमच्यासारख्यांचं देवाशी नातं जरा विचित्र असतं. प्रसाद म्हणजे काय तर केळं, ओलं खोबरं, पेढा. केळं आणि खोबरं पोटॅशियममुळं बंद, पेढा फॉस्फरसमुळं. उपवास करावा तर बटाटा, रताळं, शेंगदाणे, तेही बंद. तीर्थ घ्यावं तर दिवसाचं पाणी मोजून लिटरभर, त्यात चमचाभर तीर्थ धरायचं. देवानं जवळ येण्याचे सगळे रस्ते बंद केलेत आणि तरी लोक म्हणतात देवाचं कर.

रात्री दोनचं सांगतो. डायलिसिससाठी हाताच्या रक्तवाहिन्या जोडून फिश्चुला केलेला असतो ना, तिथं बोटं ठेवली की रक्त घरघर करत वाहताना लागतं, मांजराच्या पोटाला हात लावल्यासारखं. डॉक्टरांनी रोज तपासायला सांगितलंय, घरघर थांबली तर लगेच पळायचं. मी जाग आली की तिथं बोटं ठेवतो आणि विठ्ठल विठ्ठल म्हणतो. चालू आहे, म्हणजे आजचं भागलं. भरवसा वगैरे मोठे शब्द मला झेपत नाहीत. तुमच्या मिस्टरांच्या हाताला लावून बघा.

पाटणची_नात:
'ज्या दिवशी भरवसा वाटतच नाही' यावर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, त्यात माझ्या आजीची धाकटी मुलगी होती. घर दगडमातीचं, भिंत अंगावर आली. आजीनं देवाशी अबोला धरला. देव्हारा ढिगाऱ्यातनं काढून मांडला, रोज पुसायची, पण दिवा लावायची नाही आणि हात जोडायची नाही. आजोबा लावायचे दिवा. कोणी काही बोललं की म्हणायची, माझं नि त्याचं भांडण आहे, तुम्ही मध्ये पडू नका. पुढं कधीतरी लावायला लागली, कधी ते घरात कोणाला आठवत नाही, आणि भांडण मिटलं का तेही कोणी विचारलं नाही. मरेपर्यंत कोयनामाई म्हणायची नाही, नुसतं धरण म्हणायची.

वारकऱ्यांच्या घरात तर हे नवीन नाही. जनाबाईनं विठोबाला काय कमी शिव्या दिल्यात? आणि तुकोबा. दुष्काळात पहिली बायको अन्नावाचून गेली, पोर गेलं, दिवाळं निघालं, ते काय पहिल्या दिवशी शांत होते का?

वानलेसवाडीकर:
पाटणची_नात, अगदी. आम्ही ख्रिस्ती. मिरजेला डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिशन हॉस्पिटल काढलं, माझी आजी तिथं नर्स होती, ऑपरेशनच्या आधी प्रार्थना व्हायची ते ती सांगायची. लहानपणी मी विचारलं होतं की प्रार्थनेनंतरही माणूस गेला तर? तिनं बायबलमधली गेथशेमानेची रात्र सांगितली. येशूनं पकडलं जाण्याआधी पहिली विनंती काय केली तर हे दुःख माझ्यावरनं टळू दे. तुझ्या इच्छेप्रमाणे होवो हे त्यानंतर आलं. आणि ते मागताना सोबत्यांना जागे राहा म्हणून सांगितलं होतं तर ते झोपले. आजी म्हणायची रात्रपाळीच्या नर्सनं ही गोष्ट विसरू नये. तर ताई, आधी 'टळू दे' म्हणायला हरकत नाही, थेट 'तुझी इच्छा' वर उडी मारायची काही सक्ती नाही.

सिस्टर_मिरज:
इतके प्रतिसाद झाले, कोणाच्या लक्षात आलं की नाही माहीत नाही. ताई, तुम्ही लिहिलंय 'माझीच किडनी द्यायची असं ठरतंय'. कोण ठरवतंय? तुम्हाला स्वतःला द्यायचीय का? उत्तर इथं दिलं नाहीत तरी चालेल, पण मंजुरीच्या वेळी हा प्रश्न येतो. बाई दाता असेल तर जास्त काळजी घ्यायची, तिची स्वतंत्र संमती पेशंट सोडून दुसऱ्या कोणीतरी तपासायची असं नियमातच आहे, आणि मुलाखतीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग होतं. तिथं नको म्हणायचा पूर्ण हक्क आहे. देवावर सोड म्हणणाऱ्यांनी तुमच्यावरच सोडलेलं नाही ना, एवढं बघा.

नास्तिक_सातारकर:
सिस्टर, सलाम. आम्ही सगळे देव आहे की नाही यातच अडकलो होतो.

गावभागातली:
सगळे प्रतिसाद वाचले. काल मिस्टर मशीनवर असताना त्यांनाही वाचून दाखवले, काकांचं तीर्थाचं वाचल्यावर इतके हसले की सिस्टर बघायला आल्या. फिश्चुल्याला हात लावून बघितला, खरंच घरघर लागते. माई, तुम्ही लेकी म्हणालात, डोळे भरून आले.

सिस्टर, तुमचा प्रतिसाद वाचून फोन बाजूला ठेवला होता. मला द्यायची आहे. अगदी मनापासून. पण मला भीती पण वाटते, टेबलावर मी पण असणार, मुलगा बाहेर एकटा असणार, आणि हे मला आजपर्यंत कोणी बोलूच दिलं नाही. घाबरलेय म्हणायला तोंड उघडलं की समोरचा भरवसा ठेव म्हणतो आणि विषय संपतो. माझी चिडचिड देवावर नव्हतीच, त्या चपला घालणाऱ्यांवर होती. काल सासूबाईंजवळ बोलले. म्हटलं मला भीती वाटते. त्या म्हणाल्या मला पण, आणि मी सुनेला दे म्हणू की लेकाला सोड म्हणू, म्हणून गप्प होते. मग दोघी रडलो, मुलगा घाबरून बाहेर आला, त्याला चहा करायला लावला.

दोनला जाग येतेच अजून. नास्तिकदादा, गोळीचं विचारलं, डॉक्टर म्हणाले आत्ता नको. माई, मागच्या भिंतीचं पटलं, पण पुढं बसलेल्याचं काम तो करेलच याची खात्री मला अजून वाटत नाही, उगाच हो म्हणत नाही. संकष्टीला गेले होते तेव्हा 'टळू दे' एवढंच म्हणून आले. भडंगवाले दादा, पोराचं भूमितीचं अडलंय, खरंच विचारू का?

भडंगवाला:
रविवारी सकाळी दहा. कंपासपेटी घेऊन ये म्हणावं.

वाईची_माई:
खात्री मला तरी कुठं आहे गं. जा आपली संकष्टीला.

डायलिसिसवाले_काका:
कागदांचं सांगून ठेवतो, ऐनवेळी धावपळ नको. नवराबायको जवळचे नातेवाईक धरतात, पण नातं कागदावर दाखवावं लागतं. लग्नाची नोंदणी केली नसेल तर महापालिकेत आत्ता करून घ्या, जुनी लग्नपत्रिका आणि लग्नातले फोटो शोधून ठेवा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस आणि किडनी ट्रान्सप्लांट दोन्ही आहेत, तुमचं हॉस्पिटल यादीत आहे का ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा, रेशनकार्ड मूळ प्रत लागते. आणि धर्मादाय हॉस्पिटल असेल तर दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि दहा टक्के दुर्बलांना सवलतीत ठेवाव्या लागतात, मागितल्याशिवाय कोणी सांगत नाही.

तासगावचा_बागायतदार:
ताई ऑपरेशनच्या वेळेला मिरजेत किंवा कुठं असाल ते कळवा. घरातनं डबा येईल, तुमच्या सासूबाईंचा आणि पोराचा पण. मंडळी म्हणत्यात बिनमिठाचं जमतंय. आत्ता डायलिसिसच्या दिवशी पण पाठवतो, मिस्टरांना टोमॅटोची आमटी चालती का?

डायलिसिसवाले_काका:
टोमॅटो नको. बटाटा असेल तर बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायचा आणि ते पाणी टाकून द्यायचं, मग भाजी करायची. दुधी, घोसाळं चालेल. आमटी पातळ नको, तीही पाण्यात मोजतात.